सुटं मरीन सॉल्ट घेऊ नका, आमचे मासे त्यानेच गेले

ठाणे-मुंबई भागात कोणी नवीन छोटा मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक, लावत असेल तर हे वाचा. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण तक्रार केलेली आहे, पण प्रकार कसा चालतो ते कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

टँक साठ लिटरचा. काच, लाइट, फिल्टर, वाळू, दगड आणि मरीन सॉल्टचं, म्हणजे समुद्रासारखं पाणी बनवायच्या खास मिठाचं, एक सीलबंद पाकीट असा सगळा सेट एकाच दुकानातून घेतला. सायकल पूर्ण होऊ दिली, म्हणजे माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये तयार होऊ दिले, आणि अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं तेव्हाच क्लाउनफिशची जोडी आणली, हॅचरीतली, समुद्रातून पकडलेली नाही. जोडी मस्त रुळली. हातातलं खायची. मग आणलं एक फायरफिश आणि चार-पाच शंख.

पाकिटातलं मीठ संपल्यावर वॉटर चेंजसाठी परत दुकानात गेले तर शेठ म्हणाला, "ताई, एवढ्याशा टँकला वीस किलोची बकेट कशाला घेताय, आपल्याकडची हवा दमट, अर्ध्यात दगड होईल. मी सुटं देतो ना, तोच माल." आता हवेचं त्याचं बोलणं खरंच आहे, मीठ ओल धरतं. समोर परदेशी कंपनीची बकेट उघडी ठेवलेली, त्यातूनच पिशवीत भरून दिलं. भाव बकेटीच्या हिशोबानेच, किलोला काहीशे रुपये, एक रुपया कमी नाही.

नंतर शंख आधी गेले. काचेवरून खाली पडायचे आणि उलटे पडून राहायचे. फायरफिश एका सकाळी फिल्टरपाशी मेलेला मिळाला. अंगावर ठिपका नाही, जखम नाही, पंख फाटलेले नाहीत. क्लाउन खायचे थांबले, तळाशी बसून कल्ले भराभर हलवत राहायचे. पाणी दुकानात नेलं की तो स्ट्रिप बुडवून अमोनिया बघायचा, "पाणी एकदम ओके ताई", आणि मग काहीतरी बाटली काढायचा. आधी बॅक्टेरियाची, मग व्हिटॅमिनची. "हात साबणाचे घालत असाल", हेही ऐकवून झालं. आणि प्रत्येक वेळी एकच सल्ला, मोठा वॉटर चेंज मारा, अर्धं पाणी काढा. म्हणजे परत मीठ घ्या, अर्थात त्याच्याकडूनच.

घरी आम्ही जमेल ते सगळं तपासलं. तापमान २६, रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या सोल्युशनने सेट करून बघितला तर खारटपणा बरोबर, १.०२५. डासांची कॉइल बंद केली. पंपाची वायर बदलली. नवऱ्याने तर टँकच्या खोलीत डिओ मारायला बंदी घातली. तरी मोठा क्लाउन गेलाच. तेवढं एक लक्षात आलं होतं की मासा नेहमी सकाळीच मेलेला सापडतो, आणि तेही वॉटर चेंज झाल्यानंतरच्या दिवसांत.

उरलेल्या एका क्लाउनसाठी शेठने कॉपरचं औषध दिलं, म्हणे वेल्वेट (माशांचा एक परजीवी रोग) असेल. ते टाकायच्या आधी ऑफिसातल्या एका सीनियरना विचारलं, ते बरीच वर्षं रीफ टँक (प्रवाळांचा मरीन टँक) ठेवतात. त्यांनी औषध हातातून काढूनच घेतलं, कॉपर वाळूत-दगडात मुरतं आणि पुढे शंख-झिंगे जगू देत नाही. मग म्हणाले, "टँकचं पाणी राहू दे गं, तू बादलीत नवीन कालवतेस ते पाणी कधी टेस्ट केलंयस का?"

बादलीत आरओच्या पाण्यात ते सुटं मीठ कालवलं, पंप लावून रात्रभर फिरवलं. सकाळी खारटपणा अगदी बरोबर. पण बादलीच्या तळाला करड्या मातीचा थर, बोट फिरवलं तर बोटाला लागला. मग केएच किट (केएच म्हणजे पाण्याची पीएच धरून ठेवायची ताकद). यात नळीत पाच मिली पाणी घ्यायचं, औषध थेंब थेंब टाकायचं, निळं होतं आणि ज्या थेंबाला पिवळं होईल तेवढा केएच. चांगल्या मिठाला आठ ते अकरा थेंब लागतात. आमचं दुसऱ्याच थेंबाला पिवळं. परत केलं, परत दुसऱ्यालाच. कॅल्शियम ४०० च्या पुढे हवं, ते शंभरपर्यंतसुद्धा नाही. सीनियरांनी त्यांच्या बकेटमधलं मीठ तसंच कालवून आणलं होतं, त्याच किटवर नऊ थेंब, म्हणजे किटचा दोष नाही.

पिशवीतलं मीठ पांढऱ्या कागदावर पसरलं तेव्हा उघड्या डोळ्यांनी दिसलं, बारीक भुकटीत चकाकणारे जाडे खडे. आपलं साधं मिठागराचं खडे मीठ, किलोला पंधरा-वीस रुपयेवालं, बारीक करून त्यात थोडं खरं मरीन सॉल्ट मिसळलेलं. रिफ्रॅक्टोमीटरला हे कळतच नाही, पाण्यात किती विरघळलंय तेवढंच तो सांगतो, काय विरघळलंय ते नाही. म्हणूनच या भेसळीत पकडले जायची भीती नाही आणि म्हणूनच ती अशीच करतात. समुद्रातला मासा सतत पाणी पितो, त्यामुळे त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमचा हिशोब बिघडला की त्याच्या अंगातला क्षारांचा तोल जातो. वर केएच नाही म्हटल्यावर रात्री पीएच धरायला काहीच नाही, आमचा पहाटे ७.६ दिसला, मरीन टँकला ८.१ ते ८.४ लागतो. आरओच्या पाण्यात स्वतःचा केएच जवळपास नसतोच, जो काही यायचा तो मिठातूनच. आणि शेठच्या सल्ल्याने जितकं जास्त पाणी बदललं तितकं हे जास्त आत गेलं.

दुकानात पिशवी नेऊन ठेवली तर पहिलं वाक्य, "कंपनीचा लॉट खराब असेल." बकेटवरचा बॅच नंबर दाखवा म्हटलं, तर स्टिकर खरवडून काढलेलं. मग आवाज वाढला, जिवंत मालाची गॅरंटी नसते म्हणे. अहो मासे नाही मागत, मिठाचं बोलतेय! बिल त्याने कधीच दिलं नव्हतं, व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडे लिहून द्यायचा. यूपीआयच्या नोंदी मात्र आहेत, त्या, किटचे फोटो आणि उरलेली पिशवी असं सगळं ठेवून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवलीये. बघू.

उरलेला क्लाउन जगलाय. सीलबंद बकेट चौघांत मिळून घेतली, वाटून हवाबंद डब्यात भरली, दमटपणाचा प्रश्न तिथेच मिटला. पाणी मात्र एकदम नाही बदललं, रोज थोडं थोडं, कारण केएच आणि पीएच अचानक वर उडवला तर तोही धक्काच. कोणाकडे सुटं घेतलेलं मीठ पडलं असेल तर एक बादली कालवून केएच बघा आणि पाच थेंबांच्या आत पिवळं झालं तर ते टँकमध्ये घालू नका, पण फेकूही नका, तक्रारीला लागतं.