एंडर्स गेमची जुनी डीव्हीडी: १९० रुपयांत काय वाचवलं देव जाणे

आधी डिस्कचं सांगते. सेकंडहँड डीव्हीडी, ऑनलाइन एका विकणाऱ्याकडून घेतली, दीडशेची, कुरिअर धरून १९० झाले. "नव्यासारखी" असं लिहिलेलं, आली तेव्हा कव्हर एका बाजूने निखळलेलं आणि डिस्कवर मांजराने नखं मारल्यासारखे ओरखडे. फोटो पाठवला, रिप्लाय नाही. मग माळ्यावरचा प्लेअर खाली काढला, डिस्क पुसून लावली तर चक्क चालली, फक्त पिक्चरमध्ये पोरं बिनवजनी तरंगत लढाईचा सराव करतात त्या बॅटल रूममधल्या शेवटच्या मॅचला चित्र चौकोन चौकोन होऊन अडकतं, तिथे रिमोटने पुढे ढकलायचं.

आता डिस्क कशाला, तर मला पिक्चर बघायचा होता पण लेखकाला माझा एक रुपयाही जायला नको होता. सेकंडहँड घेतलं की पैसे फक्त विकणाऱ्याला, असा माझा साधा हिशोब.

लेखक ऑर्सन स्कॉट कार्ड. कादंबरी १९८५ ची, विज्ञानकथांचे ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही पुरस्कार मिळालेत तिला. आणि याच माणसाने १९९० मध्ये एका लेखात लिहिलं होतं की समलिंगी संबंधांविरुद्धचे कायदे राहू द्यावेत, सरसकट सगळ्यांना पकडायला नाही हो, धाक म्हणून. पुढे समलिंगी लग्नांना विरोध करणाऱ्या नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर मॅरेजच्या बोर्डावर काही वर्षं होते. २०१३ मध्ये पिक्चरच्या आधी गीक्स आऊट नावाच्या ग्रुपने बॉयकॉटची हाक दिली तेव्हा म्हणाले की अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा समलिंगी लग्नांच्या बाजूने निकाल लागला, विषय संपला, आता जिंकलेले लोक आमच्याशी किती सहिष्णुतेने वागतात ते बघूया. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

"कुणी वापरत नाही ना तो कायदा, मग असू दे की" हे आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ बद्दल मी इतक्या वेळा ऐकलंय की त्या लेखाबद्दल वाचताना अमेरिका वगैरे वाटलंच नाही. पिक्चर तिकडे १ नोव्हेंबर २०१३ ला आला आणि ११ डिसेंबरला आपल्या सुप्रीम कोर्टाने दिल्ली हायकोर्टाचा २००९ चा निकाल फिरवला, की ३७७ परत जिवंत, ती थेट सप्टेंबर २०१८ पर्यंत. माझा एक मित्र गे आहे, त्याने ही कादंबरी कॉलेजात असताना पारायणं केल्यासारखी वाचलेली. एकटा पडलेला हुशार पोरगा, बाकीची पोरं टपलेली आणि मोठी माणसं त्याला वापरून घेणारी, त्याला वाटायचं हे आपल्यावरच लिहिलंय. लेखकाचं नंतर कळलं. पुस्तक त्याने टाकलं नाही, पण शाळेच्या वहीला घालतात तसं वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, नाव दिसू नये म्हणून. अजून तसंच आहे.

तर पिक्चर. बॅटल रूम एक नंबर, वजनच नसलेली पोरं हवेत आपटतायत, वळतायत, मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. तो हुशार पोरगा एंडर, त्याचं काम करणाऱ्या एसा बटरफिल्डचे डोळे अर्धं काम करतात. हॅरिसन फोर्ड सगळा वेळ करवादलेला. बेन किंग्जली चेहराभर माओरी गोंदण घेऊन येतो, आणि आपल्याला तो गांधी म्हणून पाठ, त्यामुळे मला पाच मिनिटं हसूच आवरेना. पण पुस्तकात एंडर सहा वर्षांचा असल्यापासूनची गोष्ट आहे, ती ११४ मिनिटांत कोंबलीय, त्यामुळे शेवटी त्याला कळतं की सराव म्हणून खेळलो ती खरीच लढाई होती आणि आपण अख्खी जमात संपवली, तो धक्का बसायच्या आत पाट्या पडायला लागतात. शत्रूला पूर्ण समजून घेतलं की त्याच्यावर प्रेमही बसतं, हे ज्या माणसाने लिहिलं तोच तो. डोकं गरगरतं.

आणि माझा हिशोब? फुसका निघाला. तेव्हाच बातम्या आल्या होत्या की कार्डना हक्कांचे पैसे आधीच मिळालेत, तिकिटांत वाटा नाही. म्हणजे तिकीट न काढून फटका बसणार तो गॅव्हिन हूडसारख्यांना, आणि त्या दिग्दर्शकाने तर उघड सांगितलेलं की मला कार्डची मतं अजिबात पटत नाहीत. कार्डना पैसे जातात पुस्तकाच्या नव्या कॉपीतून. तेव्हा पिक्चर खुशाल बघा, पुस्तक मात्र कुणाचं तरी मागून किंवा लायब्ररीतून आणून वाचा, असं माझं मत. (बॉयकॉटने पिक्चर पडला असंही मला वाटत नाही, ११ कोटी डॉलर घालून जगभरात जेमतेम साडेबारा कोटी कमावले, पण पहिल्या वीकेंडला अमेरिकेत तोच पहिला होता. तो पडला घाईमुळे.)

मित्राला हे सगळं ऐकवलं तर म्हणाला, पैशाचं तू बघ, मला थेटरात त्याच्या नावाखाली बसून शिट्टी मारता आली नसती, एवढंच.

पिक्चरला साडेतीन स्टार, विकणाऱ्याला एक. डिस्क मित्राला देऊन टाकली. त्याने फक्त विचारलं, कुठे अडकते. म्हटलं बॅटल रूम, शेवटची मॅच.

"मग चालेल," म्हणाला, "ती मला पाठ आहे."