डोटा २ साठी घेतलेला लॅपटॉप: नऊ महिने वापरल्यावर, आणि त्या एका रॅम स्टिकबद्दल

परवा फॅन बदलून लॅपटॉप घरी आला म्हणून आता शांतपणे लिहितोय, मे महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्याच निघाल्या असत्या.

आधी स्पेक सांगतो, रायझन ५ ५५००यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी), साठवायला ५१२ जीबीची एसएसडी, गेमची चित्रं काढणारं वेगळं ग्राफिक कार्ड नाही. २०२३ च्या दिवाळीत इथं कोल्हापुरात शाहूपुरीतनं ४१ हजाराला घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणाराय ते ह्या रेंजमधल्या बऱ्याच लॅपटॉपना लागू होतंय.

मला तो दोनच कामाला पाहिजे होता, दिवसा टॅलीत हिशेब आणि रात्री साडेदहानंतर डोटा, म्हणजे पाच-पाच जणांच्या दोन टीमचा ऑनलाइन गेम. आम्ही पाच जण कॉलेजात असताना राजारामपुरीतल्या कॅफेत वॉरक्राफ्ट ३ ह्या गेमवरचा जुना डोटा लॅनवर, म्हणजे कॅफेतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून, खेळायचो. आता एक पुण्यात, एक बेंगळुरात, तिघं इथं, आणि पाचही जण एकत्र भेटायची एवढीच जागा उरलीय. त्यामुळं गेमसाठी लॅपटॉप म्हणजे चैन असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही.

दुकानदार म्हणत होता आरटीएक्स ३०५० हे वेगळं ग्राफिक कार्ड असलेला घ्या, ५८ हजार. मी म्हटलं डोटा २ आलाय २०१३ ला, एवढ्या जुन्या गेमला १७ हजार जादा कशाला घालू. पण पहिल्याच आठवड्यात कळलं की गेमचं वय बघून चालत नाही. २०१५ ला त्याचं अख्खं इंजिन, म्हणजे गेम चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, बदललं, २०२३ च्या ७.३३ ह्या अपडेटमध्ये मॅप ४० टक्क्यांनी मोठा केला, म्हणजे नाव जुनं आणि वजन नवीन. लेनमध्ये, म्हणजे सुरवातीच्या शांत वाटेवर, ५० एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) मिळायचे, पण रोशन ह्या मोठ्या राक्षसापाशी दहा जण जमले की थेट २४-२५. समोरच्या टीममधल्या अर्थशेकर ह्या हिरोनं इको स्लॅम हा त्याचा मोठा वार मारला की स्क्रीन अडकायची आणि सुटेपर्यंत मी मेलेलो असायचो. सगळी सेटिंग लो, रेंडर क्वालिटी (चित्राचा बारीकपणा) ७० टक्के, तरी तेच.

महिनाभर मी प्रोसेसरला दोष देत बसलो. मग बेंगळुरातला मित्र म्हणाला, विंडोजचा टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, रॅमची स्टिक (पट्टी) बसवायचे स्लॉट किती वापरलेत बघ. दोनपैकी एक!

खरी मेख इथं आहे. वेगळ्या कार्डाला स्वतःची मेमरी असते, इनबिल्ट ग्राफिक्सला ती नसते, ते आपल्या साध्या रॅमवरच भागवतंय. डीडीआर४ ३२०० ह्या प्रकारच्या रॅमची एकच स्टिक असली तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा ये-जा करतो, दोन स्टिक दोन चॅनेलमध्ये (दोन वेगळ्या वाटांवर) असल्या तर ५१.२. म्हणजे एकच स्टिक घालून कंपनीनं ग्राफिक्सचा अर्धा रस्ताच बंद करून ठेवलेला, आणि खोक्यावर कुठंही लिहिलेलं नाही की आत एक आहे का दोन. नुसतं ८ जीबी. चार-चारच्या दोन घातल्या असत्या तरी चाललं असतं की! गिऱ्हाईक ४१ हजार मोजतंय आणि एवढी एक ओळ छापायला ह्यांना जड जातंय, ह्याचा राग मला अजून येतो.

१७५० रुपयाची दुसरी ८ जीबी आणली, तेवढ्याच वेगाची. मागचे स्क्रू काढले, बॅटरीचा कनेक्टर सोडवला, १५ मिनिटात बसली. त्या रात्री लेनमध्ये ७५-८०, टीमफाइटला ५० च्या खाली नाही. स्क्रीन ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० च चित्रं दाखवणारी, असल्यामुळं ६० वरच लॉक केलं. ग्रुपवर लिहिलं, ४३ हजाराच्या आत एवढं भारी काही मिळणार नाही, नाद खुळा!

ते मत मेमध्ये बदललं. एका मॅचला ४१ व्या मिनिटाला लॅपटॉप तापून बंद, चालू केला की परत बंद. डोटात पाच मिनिटात परत आला नाही की अबँडन, म्हणजे मॅच सोडून गेल्याचा ठपका, लागतो, तो लागला, मॅच गेली आणि मी लो प्रायॉरिटीत, म्हणजे शिक्षा झालेल्यांच्या वेगळ्या मॅचमध्ये. माझ्याबरोबर पार्टी (गट) करून खेळलं की बाकीच्यांनाही तिथंच खेळावं लागतं, तरी चौघंही आले, ह्याचं मला लई वाटलं.

सर्व्हिस सेंटरवाला बघताक्षणी म्हणाला, बाहेरची रॅम घातलीय, वॉरंटी गेली. मी घरी आलो, कंपनीच्याच साइटवरनं मॅन्युअल काढलं, त्यात रॅम कशी काढायची-घालायची ते चित्रासकट दिलंय, त्याची प्रिंट घेऊन परत गेलो. दुसरी स्टिक त्यांच्यासमोर काढली, लॅपटॉप चालू केला, दहा मिनिटात बंद. फॅनच फिरत नव्हता. तरी हो-नाही चाललेलं, शेवटी म्हटलं वॉरंटी नाकारताय तर कारण लिहून सही-शिक्का द्या, तेव्हा कुठं घेतला. १९ दिवस लागले, पैसे नाही घेतले.

त्या दिवसांत मित्राच्या ३०५० वर खेळलो. खरं सांगायचं तर ते फार स्मूथ आहे, पण डोटापुरतं मी अजूनही १७ हजार देणार नाही. सीएस (काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम) खेळणाऱ्यांनी मात्र माझं ऐकू नका, सप्टेंबर २०२३ ला सीएस गो च्या जागी सीएस २ आलं, ते लई जड आहे, तुम्हाला कार्ड लागणारच.

आणखी एक, वळवाच्या पावसात लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो पण चार्जर निघाला की एफपीएस ३५ वर येतात, आणि राउटरला छोटा यूपीएस नसेल तर त्याचाही उपयोग नाही.

काल मित्राच्या धाकट्या भावाला घेऊन त्याच दुकानात गेलो. तीन लॅपटॉप चालू करून टास्क मॅनेजर बघितला, एकात रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, स्लॉटच नाही, तो बाजूला ठेवला, उरलेल्या दोन्हीत एकेकच स्टिक. दुकानदार वैतागला, पण दुसरी बसवून दिल्याशिवाय आम्ही बिल करू दिलं नाही.