क्रूझचं बुकिंग ‘होल्ड’वर, आणि १,८६,३७५ रुपये पाण्यात

आकडा आधी सांगून टाकते, कारण नातेवाइकांत तो दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत फिरतोय. गेले ते एक लाख श्याऐंशी हजार तीनशे पंचाहत्तर. टोकन २५,०००. मग ९०,०००. मग ‘पोर्ट चार्जेस आणि ग्रॅच्युइटी’चे (बंदराची फी आणि बोटीवरच्या कर्मचाऱ्यांची टीप) ३८,५००, ‘बाल्कनी अपग्रेड’चे २४,०००, आणि शेवटी या सगळ्यावर पाच टक्के ‘टीसीएस’ (विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाकडून आगाऊ घेऊन सरकारात भरायचा कर), ८,८७५. मुंबई–गोवा–मुंबई, तीन रात्री, दोन केबिन, पाच माणसं: आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि सासूबाई. बोटीवर पाऊल एकाचंही पडलं नाही.

हे प्रकार कसे चालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. सोसायटीच्या ग्रुपवर रंगीत पोस्टर, ‘शेवटच्या चार केबिन’, खाली कोणीतरी ‘आम्ही जाऊन आलो, एक नंबर’. ते उगाळत बसत नाही. पण ‘एवढी शिकलेली बाई आणि कशी फसली’ म्हणणाऱ्यांना एक सांगायचंय. माझी उभी नोकरी पतसंस्थेच्या वसुली विभागात गेली. थकबाकीदार घरात आहे की नाही हे दाराबाहेरच्या चपलांवरून ओळखणारी बाई मी. एजंटच्या ऑफिसात प्रत्यक्ष जाऊन आले होते. काचेचं दार, एसी, गणपतीची मूर्ती, पाणी आणून देणारी मुलगी, भिंतीवर कसलंसं प्रमाणपत्र. पावती मागितली, मिळाली. पावतीवर जीएसटी नंबर होता. यापुढे सामान्य माणसानं काय करायचं, त्याची कुंडली मागायची?

आता कळतंय की त्या नंबरातच सगळं लिहिलेलं होतं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. याच्या पावतीवर २४, म्हणजे गुजरात. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर कंपनी असेल तर ‘सी’, एकटा माणूस असेल तर ‘पी’. दारावर ठसठशीत ‘प्रायव्हेट लिमिटेड’, आणि पावतीवर ‘पी’. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की मालकाचं नाव फुकट दिसतं, लॉगिनही लागत नाही. मी टाकला, पण नंतर. एका कापड दुकानदाराचा निघाला, ज्याला याची गंधवार्ताही नसेल.

आणि पैसे गेले ते कंपनीच्या खात्यात नाहीत, कुठल्याशा बाईच्या वैयक्तिक यूपीआयवर. ‘ताई, करंट अकाउंटचं केवायसी चालू आहे, दोन दिवसांचा प्रश्न आहे.’ कार्डानं देते म्हटलं तर तीन टक्के जास्त सांगितले. ते तीन टक्के आम्ही वाचवले! क्रेडिट कार्डानं दिले असते तर ‘सेवा मिळालीच नाही’ म्हणून बँकेकडे चार्जबॅक (पैसे परत) मागता आला असता. यूपीआयचा पिन दाबला की विषय संपला. तीन टक्के द्या. डोळे मिटून द्या.

पण हे सगळं एकीकडे आणि तो एक फोन एकीकडे. रात्री अजूनही तोच आठवतो.

९०,००० देण्याआधी मी स्वतः क्रूझ कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला होता. एजंटनं दिलेला बुकिंग नंबर सांगितला. तिकडचा मुलगा म्हणाला, ‘येस मॅम, दोन केबिन, पाच गेस्ट, तारीख बरोबर.’ नावंही जुळली, सासूबाईंच्या नावाच्या स्पेलिंगसकट. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि थँक्यू म्हणणार, एवढ्यात तो म्हणाला, ‘स्टेटस होल्ड दिसतंय मॅम, तुमच्या एजंटशी बोलून घ्या.’

एजंटशी बोलून घ्या! चोराला विचारून घ्या, चोरी झाली का ते. आणि मी विचारलं. तो हसला. ‘ताई, ग्रुप ब्लॉक असतो आमचा, चाळीस केबिनचा. शेवटी एकदम कन्फर्म होतो. तुमचं एकटीचं थोडंच आहे.’ हे उत्तर इतकं गुळगुळीत होतं की तिथेच माझं वसुलीतलं नाक जागं व्हायला हवं होतं. थकबाकीदाराकडे उत्तर तयार असलं की तो बुडवणारा, हे मी नव्या पोरांना शिकवायचे. पण इथे नंबर खरा होता, नावं खरी होती, कंपनीनं स्वतः ‘येस’ म्हटलं होतं. खोटं बुकिंग असतं तर मी पकडलं असतं. हे बुकिंग खरंच होतं, फक्त त्याचे पैसे कोणी भरले नव्हते.

खेळ असा असतो. एजंट खऱ्या कंपनीत खऱ्या नावांनी केबिन अडवतो, जेमतेम डिपॉझिट भरून. ईमेल त्याचा, मोबाइल त्याचा. क्रूझला उरलेली रक्कम निघण्याच्या बऱ्याच आधी ठरलेल्या तारखेला भरावी लागते. नाही भरली की केबिन सुटते. तोवर तुम्ही फोन करा, वेबसाइटवर बघा, सगळं हिरवंगार. म्हणून ‘बुकिंग आहे का’ हा प्रश्न कुचकामी आहे. ‘बाकी किती आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंत भरायची’ हे विचारा. उत्तर शून्य आलं तरच पुढचा रुपया सोडा. आणि बुकिंगवर ईमेल-मोबाइल तुमचाच हवा. वेब चेक-इन ‘आमच्या लॉगिननं होतं ताई’ असं जो म्हणेल त्याच्या ऑफिसातून पाणीही न पिता उठा.

टीसीएसचं तर बोलूच नये, कारण दीर हिशेबनीस आहेत आणि तेही गप्प बसले. टीसीएस परदेशी टूर पॅकेजवर लागतो. गोव्याला जायला कसला आलाय टीसीएस? गोवा १९६१ साली भारतात आला! परदेशातली क्रूझ घेत असाल तर तो द्यावा लागतो, पण मग तो तुमच्या पॅनवर जमा झालेला आयकराच्या पोर्टलवर दिसला पाहिजे. दिसत नसेल तर समजा कोणाच्या खिशात गेला.

बॅलार्ड पिअरला, मुंबईच्या क्रूझ धक्क्यावर, काय झालं ते थोडक्यात सांगते, जास्त सांगवत नाही. कल्याणच्या पलीकडून मोठी गाडी करून गेलो, ४,२०० रुपये. काउंटरवरच्या मुलीनं आधार पाहिलं, बोर्डिंग पास हातात घेतला आणि आधी माझ्याकडे नाही, बारकोडकडे पाहिलं. पाचही पासांवर तोच बारकोड होता. पाच माणसं, पाच नावं, बारकोड एक. आदल्या रात्री मी ते कलर प्रिंट काढून पाच वेगवेगळ्या पाकिटांत घातले होते, आणि मला दिसलं नाही. मुलगी हळू आवाजात म्हणाली, ‘मॅम, हे पेमेंट न आल्यामुळे कॅन्सल झालंय.’ मागे रांग. रांगेत आमच्याच मजल्यावरचं एक कुटुंब, ज्यांनी थेट कंपनीच्या वेबसाइटवरून बुकिंग केलं होतं. सासूबाई तेवढ्यात म्हणाल्या, ‘आमच्या वेळी भाऊच्या धक्क्यावर तिकीट काढायचं आणि कोकण बोटीत बसायचं, झालं.’ बरोबरच होतं त्यांचं, पण त्या क्षणी कोणाला ऐकायचं होतं?

गंमत म्हणजे तयारी माझी चोख होती. बोट धड पाहिलीसुद्धा नाही, पण पहिल्यांदा जाणाऱ्यानं काय करायचं ते तोंडपाठ आहे, म्हणून देऊन टाकते. कोणाच्या तरी कामी येऊ दे. मोठ्या बॅगा चेक-इनला देतात आणि त्या केबिनमध्ये उशिरा पोचतात, म्हणून औषधं, चष्मा, एक बदलायचा कपडा आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत. इस्त्री आणि किटली नेऊ नका, काढून घेतात. बाहेरचं खाणंही आत सोडत नाहीत. देवीच्या ओटीचा नारळ चालेल का हे मी एजंटला विचारलं होतं, तो ‘चालेल ताई’ म्हणाला. त्याला काय, काहीही चाललं असतं. बोट लागते त्यांनी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी, तिथे हलणं कमी. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची, डॉक्टरांना विचारून. (आमचं ‘बाल्कनी अपग्रेड’ सर्वांत वरच्या डेकवर, अगदी टोकाला होतं. म्हणजे २४,००० देऊन जास्त हलायचं.) किनारा सुटला की फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर जहाजावरचं रोमिंग बिल खिसा फाडून टाकतं. जेवण भाड्यात असतं, पण दारू, वायफाय आणि सगळी रेस्टॉरंट त्यात धरू नका. सुरक्षेची कवायत चुकवता येत नाही. गर्भवती बाई आणि तान्हं मूल यांचे नियम कंपनीकडून आधी लेखी घ्या. पोस्टरवरचा भाव केबिनमध्ये दोघं धरून माणशी असतो, आणि पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी, जीएसटी वेगळे असतात. फसवणारा नेमका इथेच घुसतो, कारण ‘वेगळे चार्जेस’ खरोखरच असतात. म्हणून पहिल्याच दिवशी सगळं धरून एक आकडा लेखी मागा.

गोव्यात बोट मुरगावला लागते. तिथून कवळ्याला शांतादुर्गेला जाऊन यायचं ठरलं होतं, सासूबाईंचा नवस. स्वतः गाडी करून जाणार असाल तर परतीची वेळ सांभाळा, बोट कोणासाठी थांबत नाही. हेही वाचूनच कळलं.

आता सरकारी प्रवास. तो मात्र पूर्ण घडला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, नोंद झाली. पण तो नंबर ताज्या चोरीसाठी. पैसे लगेच अडवता आले तर उपयोग. आमचे गणपतीपासून दिवाळीपर्यंत हप्त्याहप्त्यानं गेलेले, खातं कधीच रिकामं. बँकेत गेले. ‘मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय ना? मग ऑथोराइज्ड ट्रान्झॅक्शन आहे.’ बरं, ज्या खात्यात गेले ते कोणाचं? ‘ते गोपनीय आहे.’ चोराची गोपनीयता! आमचा आधार, पॅन, फोटो त्या ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये पडलेत, त्याचं काय?

आमच्याकडच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, ‘ऑफिस तिकडच्या हद्दीत आहे, तिकडे जा.’ तिकडे म्हणाले, ‘पैसे तुमच्या घरून पाठवलेत ना, मग तिकडेच द्या.’ एकानं सांगितलं, सायबरचं आहे. सायबरवाले म्हणाले, माणसाला समोरासमोर भेटलात, मग हे सायबर कसं? शेवटी एका साहेबांनी मोबाइलवरून नजर न उचलता निकाल दिला: ‘दिवाणी मॅटर आहे ताई, कोर्टात जा. आणि एवढे पैसे देण्याआधी विचार करायचा ना.’ मी त्यांना म्हटलं नाही, पण इथे म्हणते: विचार करायला मी आहे, गुन्हा नोंदवायला तुम्ही आहात. ज्यानं पहिल्या दिवसापासून बुडवायच्या इराद्यानं पैसे घेतले ती उधारी नाही, फसवणूक आहे. पूर्वीचं ४२० कलम, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. आणि हद्दीचं कारण तर सांगताच येत नाही. गुन्हा कुठेही घडला असो, कोणत्याही ठाण्यानं घ्यायचा आणि मग वर्ग करायचा, असं जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यातच लिहिलंय. हे मी त्यांना दाखवलं तेव्हा ‘साहेब जेवायला गेलेत.’

तोंडी बोलून परत येऊ नका. लेखी अर्ज, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज वरिष्ठांना स्पीड पोस्टानं. त्यानंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, पहिल्या दिवसापासूनचं. एजंटनं शेवटी ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ सुरू केलं तोवर माझा बॅकअप होता.

क्रूझ कंपनीचं उत्तर छापील आलं: सदर एजंट आमचा अधिकृत भागीदार नाही, डिपॉझिट नियमानुसार भरणाऱ्याला परत केलं आहे. म्हणजे आमच्या पैशातून गेलेलं डिपॉझिटसुद्धा त्यालाच परत! अधिकृत भागीदार नाही, तर त्याच्याशी ‘बोलून घ्या’ असं तुमच्याच माणसानं मला कसं सांगितलं? याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार ऑनलाइन दाखल केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्या कस्टमर केअरच्या फोनची तारीख-वेळ कॉल लॉगमधून काढून जोडली आहे. रेकॉर्डिंग कंपनीनं आयोगापुढे ठेवावं अशी मागणी केली आहे. एजंटचं काचेचं दार बंद आहे, पण त्याच नंबरावरून आता अंदमानच्या पॅकेजची पोस्टरं फिरतायत, नाव तेवढं नवीन. दिवाळीच्या सुमारास असंच ‘होल्ड’वर ठेवून आणखी कोणाला बुडवलं असेल तर पावत्या सांभाळा आणि लाजू नका. आयोगाची परवानगी घेऊन एकाच तक्रारीत अनेक ग्राहक येऊ शकतात, आणि आमची तक्रार अजून पहिल्याच तारखेवर आहे.