अपघातानंतर स्मृती गेली: कलम १६४ की १६६?

म्हापशाजवळ दुचाकीवरून पडल्यापासून माझ्या भावाला तो दिवस आठवतच नाही. चहात साखर घातली की नाही हेही तो विसरतो, परत घालतो. भरपाई मागताना आमच्यासमोर मोटार वाहन कायद्याच्या दोन वाटा होत्या.

कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. गंभीर दुखापतीला ठरलेले अडीच लाख रुपये, विषय संपला. ते स्वीकारले की १६६ चा दावा मात्र बाद होतो.

१६६ खाली समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि कायद्यात मुदत सहा महिन्यांची. भावाला काही आठवत नाही म्हणून मी घाबरले होते. पण पंचनामा, साक्षीदार, गोमेकॉतले (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातले) कागद बोलतात. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालानुसार अपंगत्वाच्या टक्केवारीपेक्षा कमाईची क्षमता किती गेली ते पाहतात. भाऊ हिशेबनीस, हात-पाय धड असले तरी आकडे डोक्यात राहत नाहीत.

स्मृतीच गेली असेल तर माझ्या मते १६६च. चाचण्यांचे अहवाल जपा, रोजच्या विसरण्याची वही ठेवा. आमची वही आई लिहिते.