गाडीचा पोचा काढायचाय: पीडीआर (कलरला हात न लावता पोचा काढणं), ठोकून लांबी (खड्डा भरायची पुट्टी), की पॅनलच बदलायचं?

पार्किंगमध्ये कोणीतरी दार आपटून गेलं किंवा रिव्हर्स घेताना खांब लागला की हा प्रश्न येतोच, आणि गॅरेजमध्ये विचारलं तर ज्याच्याकडे जे काम होतं तो तेच सांगणार. म्हणून आधी स्वतः गाडीजवळ जा आणि तीन गोष्टी बघा: कलर तडकलाय का, पोचा वाटीसारखा गोल आहे की धारदार घडी पडलीये, आणि तो कुठल्या पॅनलवर आहे.

कलर शाबूत आणि पोचा उथळ असेल तर सरळ पीडीआर करा. आतून वाकड्या सळया घालून पत्रा थोडा थोडा ढकलत आणतात, जिथे सळई पोचत नाही तिथे बाहेरून ग्लूने टॅब चिकटवून ओढतात, समोर रेषांचा लाइट लावलेला असतो आणि त्या रेषा पत्र्यावर सरळ दिसायला लागल्या की काम झालं. कंपनीचा कलर तसाच राहतो, शेड मॅचिंगचं टेन्शन नाही, सिल्व्हर गाडीवाल्यांना याची किंमत कळेल. पण घडी पडली असेल किंवा पोचा अगदी कडेवर असेल तर पूर्ण निघेलच असं नाही. आणि तिथे आधी लांबी भरलेली असेल तर ग्लूने ओढताना कलर निघून हातात यायचा. सेकंडहँड गाडी असेल तर फ्रिजवरचं मॅग्नेट रुमालात धरून फिरवा, शेजारी घट्ट बसतं आणि इथे सुटतं म्हणजे खाली जाड लांबी आहे. अॅल्युमिनियमच्या बॉनेटवर आणि प्लास्टिकच्या बंपरवर अर्थातच ही टेस्ट चालत नाही.

कलर तडकला असेल तर मग डेंटिंग-पेंटिंग, आणि इथेच सगळी फसवणूक होते. माझ्या आधीच्या गाडीच्या मागच्या दाराला चांगला खोल पोचा होता, एका गॅरेजने संध्याकाळपर्यंत आरशासारखं करून दिलं, मी खूश, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथे फोड आले, नखाने खरवडलं तर बोटाच्या पेराएवढी जाड लांबी ढेकळासारखी निघाली आणि खाली पत्रा गंजून लाल. त्यांनी पत्रा बाहेर काढलाच नव्हता, नुसता खड्डा बुजवला होता.

बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिमीचा असतो. चांगला मिस्त्री आतून डॉली (लोखंडी ठोकळा) धरून बाहेरून हातोडी मारतो, किंवा वॉशर वेल्ड करून ओढतो, आणि पत्रा ताणला जाऊन डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजत असेल तर तापवून आकसवतो. एवढं झाल्यावर लांबी फक्त बारीक उंचसखल भरायला, २-३ मिमीच्या आत. लांबी कडक व्हायला त्यात मिसळतात तो हार्डनर लांबीच्या वजनाच्या साधारण २ टक्के, काम लवकर उरकायला जास्त टाकला तर पुढे कलरवर डाग उठतात. अजून एक, पॉलिएस्टर लांबी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासायची, ८० नंबर पेपरपासून सुरू करून ३२० पर्यंत, पाणी-पेपर प्रायमर मारल्यानंतर. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर मारायला सांगा आणि जमलं तर काम पावसाळ्याआधी उरका.

म्हणून एक अट घालाच: लांबी लावायच्या आधी मला बोलवा, पत्रा बघायचाय. जायचं, तळहात सपाट ठेवून पोच्याच्या बऱ्याच अलीकडून पलीकडे सावकाश फिरवायचा, मध्ये पातळ कापड धरलं तर अजून छान कळतं. डोळ्याला सपाट वाटणारा पत्रा हाताला बरोबर सांगतो कुठे अजून खोल आहे. खरा मिस्त्री यावर चिडत नाही, उलट स्वतःच दाखवतो.

पॅनल बदलणं कधी? पत्रा फाटला असेल, गंजाने खाल्ला असेल किंवा घड्यांवर घड्या असतील तेव्हा. पुढचं मडगार्ड, बॉनेट, दार बोल्टवर असतात, खोलून दुसरं बसवता येतं आणि बऱ्याचदा मडगार्डची मजुरी जोडून बघितली तर नवंच परवडतं. पण मागचं क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) आणि छत वेल्ड केलेलं असतं, ते बदलायचं म्हणजे गाडी कापायची, तिथे मी शेवटपर्यंत रिपेअरच्याच बाजूने आहे.

इन्शुरन्समधून करून घेणार असाल तर क्लेम टाकायच्या आधी एनसीबी बघा, म्हणजे नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट. पहिल्या वर्षाला २० टक्क्यांपासून पाच वर्षांत ५० पर्यंत चढतो आणि प्रोटेक्शन घेतलेलं नसेल तर एका क्लेमने शून्यावर येतो, त्यामुळे एकाच दाराच्या पोच्यासाठी बहुतेकदा खिशातून दिलेले स्वस्त पडतात, दोन-तीन पॅनल गेले असतील तर क्लेम करा.