बँडकॅम्पवर मराठी गाणी: आठ-नऊ महिन्यांनंतर

बँडकॅम्प म्हणजे कलाकाराने आपली गाणी थेट श्रोत्यांना विकायची वेबसाइट. नवे श्रोते मिळतील या आशेने इथे येणार असाल तर येऊ नका. मराठी गाणं शोधत इथे कुणी फिरत नाही. माझ्या पानावर आलेला जवळपास प्रत्येक जण यूट्यूबखाली किंवा इन्स्टाच्या बायोत टाकलेल्या लिंकवरून आला. दुकान त्यांचं, गिऱ्हाईक मात्र आपणच आणायचं.

तरी मी टिकलो, ते ईमेलसाठी. स्पॉटिफाय आकडे दाखवतं, शहरं दाखवतं, पण ऐकणारा कोण ते कळत नाही. इथे गाणं विकत घेणाऱ्याचा ईमेल आपल्याला मिळतो. फुकट डाउनलोडलाही ईमेलची अट घालता येते. नवं गाणं आलं की मी या लोकांना चार ओळी लिहितो आणि उत्तरं येतात! न्यू जर्सीचे एक काका दर वेळी माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतात, आणि ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे भरतात. (किंमत ठरवताना 'हवे तर जास्त द्या' हा पर्याय चालूच ठेवा.) तिकडच्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही म्हणून गाण्याचे शब्द रोमन लिपीतही टाकायला लागलो, त्याचा चांगलाच उपयोग झाला.

पैशांचं म्हणाल तर डिजिटल विक्रीतले 15 टक्के ते घेतात, वर पेमेंटचं शुल्क वेगळं. 'बँडकॅम्प फ्रायडे'ला, म्हणजे त्यांनी ठरवलेल्या काही शुक्रवारी, ते स्वतःचा वाटा सोडतात, म्हणून नवं गाणं मी त्याच दिवशी काढतो. स्पॉटिफायवर 2024 पासून वर्षभरात 1000 वेळाही न ऐकलेल्या गाण्याला दमडी मिळत नाही. माझी बरीचशी गाणी त्याच रांगेत आहेत.

खरी अडचण भारतात. पैसे पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेवर येतात आणि पेपालने 1 एप्रिल 2021 पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केलेत. म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनचा माणूस माझं गाणं घेऊ शकतो, सांगलीचा नाही. इथल्यांकडून मी यूपीआयने पैसे घेतो आणि बँडकॅम्पवर गाणं उतरवून घ्यायचा डाउनलोड कोड व्हॉट्सॲपवर पाठवतो. कटकट आहे, पण चालतं.

एमपीथ्री इथे चढत नाही. स्टुडिओतून निघतानाच वेव्ह (WAV, म्हणजे न दाबलेल्या मूळ आवाजाची) फाइल मागून घ्या.

बँडकॅम्प कंपनी 2022 मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेम कंपनीकडे गेली, 2023 मध्ये साँगट्रेडर या संगीत परवान्यांच्या कंपनीकडे. उद्याचं कुणी सांगावं? ईमेलची यादी मी दर महिन्याला उतरवून स्वतःकडे ठेवतो.