थकलेलं बिल न्यू जर्सीत: फेडरल कोर्ट की राज्याचं?

समजा, एडिसनला बसून तुम्ही पेनसिल्व्हेनियातल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम केलंत आणि ९० हजार डॉलर अडकले. दावा न्यूअर्कच्या फेडरल कोर्टात लावायचा की न्यू ब्रन्सविकच्या सुपीरिअर कोर्टात? फेडरल म्हटलं की आपल्याला हायकोर्टासारखं काहीतरी वरचं वाटतं. तसं नाही. दोन्ही पहिल्या पायरीचीच कोर्टं. करारापुरता कायदाही दोन्हीकडे राज्याचाच लागतो; अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९३८च्या ईरी निकालापासून ते ठरलेलं आहे.

फेडरलचं दार मात्र अरुंद. रक्कम ७५ हजारांच्या वर हवी आणि दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे हवेत. एलएलसीवाले (म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी काढलेले) इथेच अडकतात, कारण एलएलसीचं राज्य नोंदणीवरून नाही, भागीदारांवरून ठरतं. तुमचा दहा टक्क्यांचा भागीदार फिलाडेल्फियात घर करून राहणारा अमेरिकन नागरिक असेल, तर दोन्ही बाजूंना पेनसिल्व्हेनिया आलं आणि विषय संपला. ही गोष्ट अपिलात उघड झाली तरी जिंकलेला निकाल हातचा जातो. म्हणून वकिलाकडे जाताना भागीदारीचे कागद आधी काढा.

फी फेडरलला ४०५ डॉलर, राज्यात २५०. हा फरक किरकोळ आहे. पैसा खातात त्या सुनावणीआधी वकिलांसमोर होणाऱ्या साक्षीदारांच्या जबान्या. फेडरल नियमात परवानगीशिवाय प्रत्येक बाजूला दहाच, एकेक सात तासांची. शिवाय स्वतःच्या बाजूचे साक्षीदार आणि कागद न मागता सांगावे लागतात. हे शिस्तीचं आहे. साक्षीदार ओहायो-टेक्सासात विखुरलेले असतील तर फेडरल समन्स देशभर चालतं, तेही सोयीचं.

ज्युरीत पारडं फिरतं. फेडरलला सगळ्यांचं एकमत लागतं; न्यू जर्सीत सहापैकी पाच पुरतात. पैसे मागणारे तुम्ही आहात, एक हट्टी माणूस तुम्हालाच महागात पडतो.

साधं थकलेलं बिल असेल तर मी न्यू ब्रन्सविकच म्हणेन. पण समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत तो खटला न्यूअर्कला ओढू शकतो, अर्थात वरच्या दोन्ही अटी बसल्या तर. आणि कराराच्या शेवटच्या पानावर लवादाचं कलम असेल, तर बहुधा या दोन्ही कोर्टांच्या पायऱ्या चढायची वेळच येणार नाही. ते पान बहुतेकांनी सही करताना वाचलेलं नसतं.